टेकडीवरची शांतता
सामान्य काळातील १९ वा रविवार, वर्ष अ



आजच्या उपासनेत दोन डोंगर आहेत. पहिल्या वाचनात संदेष्टा एलिया होरेब डोंगरावर उभा आहे. शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना होडीत बसवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. पाण्यावरून चालण्याचा चमत्कार आपल्या सर्वांना लहानपणापासून पाठ आहे. त्याआधीचे ते डोंगर चढून जाणे मात्र आपण मिस्सात ऐकतो आणि सोडून देतो. आज तिथेच जरा थांबू या.

ही वाचने ऐकायला आपल्याकडे ऑगस्टसारखा महिना नाही. उन्हाळ्यात आपल्या भागातल्या टेकड्यांकडे पाहवत नाही. वरचा मुरूम उघडा पडलेला, काळे दगड तापलेले, झुडपांचे नुसते खराटे. मग मृग बरसतो, एकदा झड लागते आणि पंधरा-वीस दिवसांत तीच टेकडी ओळखू येत नाही. दारव्ह्याहून यवतमाळकडे जाताना बसच्या खिडकीतून बघा. पायथ्याशी पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन, आणि त्यांच्या वर नुसते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. कुठे कुठे तिखाडी, जिला रोशा म्हणतात. पायाखाली चुरगळली की तिचा वास दरवळतो. याच गवताचे तेल काढतात आणि ते साबण-अत्तरात जाते. ही पेरणी कोणी केलेली नसते. तिचा पीक विमा नाही, तिला हमीभाव नाही.

आपल्या लेखी अशी टेकडी म्हणजे पडीक जागा. महसुलाच्या भाषेत ई-क्लास. गावाच्या भाषेत बरड. तिथे जातो कोण? ढोरकी जातो, गवताचे भारे आणणाऱ्या बाया जातात, आणि सातवी-आठवीतली पोरे शाळा बुडवून जातात. शहाणासुरता माणूस काम नसताना टेकडीवर गेला तर लोक विचारतील, डोके ठिकाणावर आहे ना? शेजारच्या कारंज्याजवळ सोहोळला मात्र सरकारने असाच गवताळ माळ काळविटांसाठी अभयारण्य म्हणून राखला आहे. मोकळ्या गवतावर काळविटाचा जीव रमतो हे आपल्याला पटते. माणसाचेही तसेच असेल, हे अजून पटायचे आहे.

प्रभू येशू त्या संध्याकाळी डोंगरावर का गेला? मत्तयाने याचे उत्तर गेल्या रविवारच्या उताऱ्यातच देऊन ठेवले आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा हेरोदाने शिरच्छेद केला. ती बातमी येशूला कळली आणि तो होडीत बसून एकांत जागी निघाला. योहान त्याचा नातलग. यार्देन नदीत ज्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला तो माणूस. घरचे माणूस गेले होते, बंधू-भगिनींनो, आणि येशूला थोडा वेळ एकटे राहायचे होते. तो वेळ त्याला मिळाला नाही. लोक किनाऱ्याने पायी चालत त्याच्या आधी पोहोचले. त्याने त्यांना परत पाठवले नाही. आजाऱ्यांना बरे केले, सर्वांना गवतावर बसवले, पाच भाकरी आणि दोन मासे हाती घेऊन हजारोंना पोटभर जेवू घातले. सगळे उरकेपर्यंत सांज झाली. त्यानंतर तो डोंगर चढला आणि रात्रीच्या चौथ्या प्रहरापर्यंत, म्हणजे पहाटे तीन वाजून जाईपर्यंत, शिष्यांकडे आला नव्हता. सकाळी जे रडायचे राहून गेले होते, ते त्या रात्री त्याने पित्यापुढे केले असेल, असे मला हा उतारा वाचताना नेहमी वाटते.

गालील सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे. त्यामुळे त्याच्या काठाच्या टेकड्या आहेत त्याहून उंच भासतात. पावसाळ्यानंतर त्याही हिरव्या होतात आणि उन्हाळ्यात त्यांचेही गवत वाळून पिवळे पडते. आपल्यासारखेच.

आपल्याकडे कोणी गेले की मातीला सारे गाव येते. सातव्या दिवसाची मिस्सा होते, जेवण होते. आठव्या दिवशी निंदण खोळंबलेले असते, बँकेचा माणूस येऊन गेलेला असतो, पोरांची फी भरायची असते. ज्याचे माणूस गेले त्याने दुःख कुठे ठेवायचे? तो ते पोटात ठेवतो आणि कामाला लागतो. येशूलाही तसेच करावे लागले. फक्त संध्याकाळी त्याने ते दुःख वर नेले.

आता एलियाकडे येऊ. आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

पहिल्या वाचनात आपण ऐकले, की मोठा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला आणि देव त्यांत नव्हता. मग एक अगदी हळुवार आवाज आला आणि एलियाने अंगरख्याने आपले तोंड झाकून घेतले. यावर आपण पुष्कळदा प्रवचने ऐकली आहेत, की देव शांततेत भेटतो. खरे आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात शांतता हा शब्द जपून वापरावा लागतो. आपल्या घरांतून दुसरीही एक शांतता असते. धुऱ्यावरून भांडणारा, चहाच्या टपरीवर आवाज चढवून बोलणारा माणूस एकाएकी बोलायचा थांबतो. जेवायला बसतो, दोन घास खातो आणि उठतो. रात्री ओसरीवर जागा असतो. घरचे म्हणतात, हल्ली शांत झाला आहे, भांडत नाही, बरे आहे. ते बरे नसते. ती शांतता देवाची नसते.

या जिल्ह्याचे नाव देशभर कशासाठी माहीत झाले हे मी तुम्हाला सांगायला नको. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत यवतमाळ होते. त्याच वर्षीच्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरली आणि 'पात्र' व 'अपात्र' हे दोन शब्द आपल्या बायाबापड्यांना पाठ झाले. माणूस गेल्यावर त्याच्या मरणाची फाईल तहसीलमधून जिल्ह्याला जाते आणि बायको ती पात्र ठरण्याची वाट पाहत बसते. याहून मोठी विटंबना मला माहीत नाही.

एलियाचा आजचा उतारा गुहेपासून सुरू होतो. तो तिथवर कसा पोहोचला हे वाचण्यासाठी घरी बायबल उघडा. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सुरुवातीपासून वाचा. एवढा मोठा संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर जिंकलेला. ईजबेल राणीची धमकी येते आणि तो जीव घेऊन पळतो. बैरशेबा येथे तो आपल्या गड्याला मागे ठेवतो. ही बारीक गोष्ट नजरेआड करू नका. खचलेला माणूस प्रथम सोबत सोडतो. पुढे एकटाच दिवसभर रानात चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता जगणे नको, असे देवाला सांगतो. पवित्र शास्त्रातल्या इतक्या थोर माणसाने असे म्हटले आहे. तुमच्या घरात कोणी असे बोलला तर तो पापी आहे, त्याची श्रद्धा कच्ची आहे, असे म्हणण्याची घाई करू नका.

देवदूताने काय केले तेही बघा. त्याने उपदेश केला नाही. बायकोमुलांचा विचार कर, असे तो म्हणाला नाही. श्रद्धा वाढव, असेही म्हणाला नाही. त्याने एलियाला हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. एलियाने खाल्ले आणि तो परत झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची होती. त्यानंतर चालणे सुरू झाले, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. डोंगर आणि तो हळुवार आवाज त्याच्याही नंतर. आपण या क्रमाची नेहमी उलटापालट करतो. भाकर, झोप, सोबत काहीच न देता आपण आधी प्रवचन देतो. हे मी धर्मगुरू असूनच म्हणतो आहे.

आणि जे घर आधीच या दुःखातून गेले आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट नीट सांगून ठेवतो, कारण अजूनही याबाबत कुजबुज चालते. १९१७ च्या जुन्या धर्मकायद्यात आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या नव्या कायद्यात तो नियम राहिला नाही. १९९२ साली पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात आत्महत्या चूकच मानली आहे. पण मनाचा आजार, असह्य यातना, भयंकर भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हेही त्यात म्हटले आहे. अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे तिथे सांगितले आहे. तेव्हा त्यांच्या नावाची मिस्सा सांगायला संकोच करू नका. दबक्या आवाजात, मागच्या दाराने येऊन सांगू नका.

या ठिकाणी मला संत पॅट्रिकची आठवण येते. पुण्याचे कॅथेड्रल त्याच्याच नावाचे आहे. १८५० च्या सुमारास पुण्याच्या छावणीतल्या आयरिश सैनिकांनी आपल्या पगारातून त्यासाठी पैसे दिले. पॅट्रिक पाचव्या शतकातला. तो मूळचा ब्रिटनचा आणि त्याचा बाप उपधर्मगुरू. सोळा वर्षांचा असताना चाच्यांनी त्याला धरून आयर्लंडला नेले आणि तिथे तो गुलाम म्हणून सहा वर्षे जनावरे राखत होता. म्हणजे ढोरकीच म्हणा. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की घरी असताना त्याला देवाधर्माचे काही पडलेले नव्हते. रानात, डोंगरावर, पाऊस आणि बर्फ अंगावर घेत जनावरांमागे हिंडताना तो प्रार्थना करू लागला; दिवसात जवळजवळ शंभर वेळा आणि रात्री जवळजवळ तितक्याच वेळा.

परंपरा सांगते की ती टेकडी म्हणजे अँट्रिम परगण्यातली स्लेमिश. उंची ४३७ मीटर. सगळीकडून गवत, आणि मध्ये काळा दगड वर आलेला. तो दगड फार पूर्वी विझलेल्या ज्वालामुखीचा आहे. आपल्या टेकड्यांचा काळा दगडही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच. दरवर्षी १७ मार्चला, संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, लोक ती टेकडी पायी चढतात. एरवी तिथे वारा, मेंढ्या आणि आपल्या चंडोलासारखे गाणारे पक्षी. देवळाचा घाट नाही की प्रसादाची दुकाने नाहीत. एका गुलाम पोराचे एकटेपण तिथे प्रार्थना झाले, एवढीच तिची महती.

पुढे पॅट्रिक पळाला, पायी शेकडो मैल चालून जहाज गाठले, घरी पोहोचला. आणि काही वर्षांनी, ज्यांनी गुलाम केले त्याच लोकांकडे शुभवर्तमान घेऊन परत गेला. हे मला त्या टेकडीहून मोठे वाटते.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, फादर, टेकडी चढून कर्ज फिटते का? नाही फिटत. सोयाबीनचा भाव वाढत नाही, बोंडअळी मरत नाही, सावकार कागद फाडत नाही. ज्याला निव्वळ प्रार्थनेने सातबारा कोरा होईल असे कोणी सांगत असेल, त्याने त्या सांगणाऱ्यापासून दूर राहावे. पण मी एक पाहिले आहे. दोन माणसे समोरासमोर बसली की आपल्याकडच्या पुरुषांच्या तोंडून शब्द निघत नाही. बाप मुलापुढे बोलत नाही, भाऊ भावापुढे बोलत नाही. तीच दोन माणसे शेजारी शेजारी चढ चढत असली, दोघांची नजर पुढच्या पायवाटेवर असली, की अर्ध्या तासाने कोणीतरी एक हळूच काहीतरी बोलतो. दम लागलेला असतो, म्हणून थोडेच बोलतो. दुसऱ्याने ऐकावे. सल्ला देऊ नये. वर पोहोचल्यावर गावाकडे पाठ करून बसावे. पाऊस थांबलेला असला तर गवतातून पाणी झिरपण्याचा आवाज येतो, टिटवी ओरडते, दूर कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते. शकुंतला चालू होती तेव्हा मोतीबागेकडून तिची शिटीही येत असे, असे जुने लोक सांगतात. आता तीही नाही.

तिथे मोठी प्रार्थना करायची गरज नाही. जपमाळ खिशात असू द्या, पण लगेच काढू नका. आपल्याला देवापुढेही बडबड करायची सवय लागली आहे. आपल्या यात्रांचे बघा ना, मरियामातेचे नाव घेत निघतो आणि पुढे ध्वनिक्षेपक असा लावतो की मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्याला आपलाच प्रणाम मरिया ऐकू येत नाही. एलियाच्या गुहेसमोर तसला भोंगा लावला असता तर तो आवाज त्याला ऐकू आला असता का?

होरेबवर देवाने एलियाला दोनदा विचारले, की तू इथे काय करतो आहेस. दोन्ही वेळा एलियाचे गाऱ्हाणे तेच, मी एकटाच उरलो. देवाने त्याला रागावून गप्प केले नाही. सगळे ऐकून घेतले, आणि मग परत जाण्याची वाट दाखवली. काम दिले, अलीशासारखा साथी दिला, आणि सांगितले की इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत. सात हजार! आणि हा समजत होता की आपण एकटे. आपल्या या छोट्या धर्मग्रामात सात हजार नाहीत. रविवारी बाके भरली तरी आपण आनंद मानतो. पण तुमच्या मागच्या बाकावर आज कोण बसला आहे, गेल्या तीन रविवारी कोण आलेला नाही, एवढे ओळखण्यापुरते आपण नक्की आहोत.

येशूनेही डोंगरावर झोपडी बांधली नाही. खाली होडी लाटांत सापडली होती, वारा समोरून होता आणि तो अंधारात त्यांच्याकडे आला. पेत्र बुडू लागला, ओरडला. मत्तयाने लिहिलेला क्रम पाहा. येशूने आधी हात पुढे करून त्याला धरले. अल्पविश्वासाबद्दलचे बोल नंतर आले, पेत्राचा हात हातात असताना.

काही घरांत दुःख याहून खोल गेलेले असते. झोप महिनोन् महिने नाही, अन्न नको, मरणाची भाषा चालू आहे, असे असेल तर तो मनाचा आजार आहे. पायाला गँगरीन झाले तर आपण नुसते तेल चोळत बसत नाही. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे जाण्यात लाज नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीतही बोलता येते. नंबर वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये ठेवा. आणि असा माणूस घरात असेल तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात ठेवू नका, दुसरीकडे कुलपात ठेवा.

येत्या १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण आहे. त्या दिवशीचे शुभवर्तमानही डोंगराचेच आहे. मरिया घाईघाईने डोंगराळ प्रदेशातल्या गावी, आपल्या वयस्क नातलग एलिजाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. म्हणून असे ठरवले आहे, की सणाची मिस्सा आणि झेंडावंदन झाले की ज्यांना जमेल त्यांनी चर्चच्या अंगणात थांबावे. आपण गावाबाहेरच्या टेकडीवर पायी जाणार आहोत. पांदण रस्त्याने पाऊण तास, आणि वर चढायला साधारण अर्धा तास. चढताना कोणी बोलायचे नाही, उतरताना हवे तेवढे बोला. मोबाईल घरी ठेवा. एक फोन माझ्याजवळ राहील, अडीअडचणीसाठी. गवत गुडघाभर आहे आणि दिवस सापांचे आहेत, तेव्हा पायात बूट आणि हातात काठी हवी. लहान मुलांना बोट धरून चालवा. ज्यांना चढवत नाही त्या आजी-आजोबांनी पायथ्याच्या लिंबाखाली जपमाळेची प्रार्थना करावी. जनावरे चरत असतील तर ढोरक्याला विचारून बाजूने जा, त्याची टेकडी आहे ती. झड असली तर पुढच्या रविवारी जाऊ.

ज्याच्या घरात कोणी बोलायचा थांबला आहे, त्याने त्याला बरोबर आणावे. तो यायला तयार नसेल तर मला निरोप द्या, मी आदल्या दिवशी घरी येऊन जातो. धर्मभगिनींनी सर्वांसाठी भाकरी आणि झुणका करायचे कबूल केले आहे, डबा आणायची गरज नाही. पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाने आणावी, वर पाणी नाही.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू